सॅनिबेल बेटावरील सुट्टीचा बेत

ज्या घरातील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या अथवा भाचा अमेरिकेत स्थायिक झालेला आहे, अशी घरे आपल्या वाचकवर्गात आता थोडीथोडकी नाहीत. पूर्वी संसारातून मोकळी झालेली वडील मंडळी काशीस किंवा रामेश्वरास जात. आता ती चार-सहा महिन्यांकरिता नातवंडांकडे जातात. पहिले पंधरा दिवस कौतुकात निघून जातात आणि मग घरात प्रश्न उपस्थित होतो की, सर्वांनी मिळून आठ दिवस कोठे जावयाचे? थोरांस निवांतपणा हवा, पोरांस पाणी आणि वाळू हवी, सुनेस रोजच्या धबडग्यातून उसंत हवी, आणि मुलाच्या रजेचे दिवस तर मोजके. या सर्वांचे एकाच ठिकाणी समाधान व्हावे म्हणून जी स्थळे सुचविली जातात, त्यांत फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅनिबेल या लहानशा बेटाचे नाव पुष्कळदा येते. त्याचे नुसते वर्णन करून थांबावे, असा आमचा हेतू नाही. तेथे जाण्याचा बेत कसा आखावा आणि प्रसंगी तो मोडण्याची तयारी कशी ठेवावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

संस्कृतात योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. जे आपणांजवळ नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले आहे ते सांभाळणे हे क्षेम. प्रवासाचा बेत करणारी मंडळी बहुधा योगाच्याच विचारात असतात: तिकिटे कोणती, उतरावयाचे कोठे, पाहावयाचे काय. डोंगरावरील किंवा मोठ्या शहरातील सुट्टीत एवढ्यावर भागतेही. परंतु वाळूच्या बेटावर जाणाऱ्याने क्षेमाचा विचार आधी करावा, कारण त्या बेटाचा स्वभावच तसा आहे.

तो स्वभाव कोणता ते प्रथम पाहू. सॅनिबेल हे मेक्सिकोच्या आखातात, फोर्ट मायर्स शहराजवळ आहे. त्याची लांबी सुमारे १२ मैल असून रुंदी अधिकात अधिक ३ मैलांच्या आसपास भरते. आपले कानपूर ज्या अक्षांशावर आहे, जवळजवळ त्याच म्हणजे साडेसव्वीस अंश उत्तर अक्षांशावर ते वसलेले आहे. कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेस असल्यामुळे त्याची गणना उपोष्ण कटिबंधात होते. परंतु सभोवार समुद्र असल्याने कानपूरचा कोरडा उन्हाळा तेथे नाही आणि तेथील हिवाळाही बोचत नाही. आपले जंजिरा व सिंधुदुर्ग हे किल्ले ज्या बेटांवर उभे आहेत ती खडकाची बेटे होत. सॅनिबेलची गोष्ट निराळी. लाटांनी आणि प्रवाहांनी हजारो वर्षे वाळू व शिंपल्यांचा चुरा आणून टाकला, त्याचा एक लांबट बांध झाला, आणि त्या बांधावर झाडे रुजून बेट तयार झाले. मुख्य भूमीवर येणाऱ्या लाटा असे बेट आपल्या अंगावर झेलते, म्हणून भूगोलशास्त्रात त्यास रोधक बेट म्हणतात. कोकणातील मंडळी समुद्रकाठच्या वाळूस पुळण म्हणतात. हा शब्द संस्कृतातील पुलिन या शब्दापासून आला आहे. सॅनिबेल म्हणजे समुद्रात आडवी पडलेली एक विस्तीर्ण पुळणच म्हणावी. ती समुद्रसपाटीपासून अवघी काही फूट उंच आहे, आणि वाळूचीच असल्यामुळे ती स्थिरही नाही. एका टोकाकडून वाळू जाते, दुसरीकडे साचते. एखादे मोठे वादळ एका रात्रीत किनाऱ्याचा आकार बदलून टाकते.

या बेटास दोन अंगे आहेत. दक्षिणेकडे उघडे आखात आणि पुळण; उत्तरेकडे शांत उथळ पाणी आणि खाजण. या खाजणात कांदळाची दाट झाडी आहे. ज्यांनी कोकणच्या खाड्या पाहिल्या आहेत त्यांस पाण्यात उतरलेली ती कमानदार मुळे चटकन ओळखू येतील. आणखी एक विशेष असा की, त्या किनाऱ्यावरील बहुतेक रोधक बेटे किनाऱ्यास समांतर म्हणजे दक्षिणोत्तर पसरली आहेत, परंतु सॅनिबेल पूर्व-पश्चिम वळलेले आहे. त्यामुळे आखातातून येणाऱ्या प्रवाहांपुढे त्याने जणू ओंजळ धरली आहे. समुद्रतळाचा उतारही मंद असल्याने शंख-शिंपले न फुटता काठास लागतात. शिंपल्यांकरिता या बेटाची जी ख्याती आहे तिचे कारण हेच. येथील जुने रहिवासी जे कालुसा लोक, ते शंखांचीच हत्यारे व अवजारे करीत.

आता मुख्य प्रश्न महिन्याचा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथे कोरडा ऋतू असतो. हवा प्रसन्न, आकाश निरभ्र, पक्षी विपुल, डास थोडे. हिवाळी वाऱ्यांनी समुद्र ढवळून निघाला म्हणजे शिंपलेही भरपूर येतात. मात्र जानेवारीत पाणी गार असते, त्यामुळे डुंबण्याची हौस असणाऱ्या पोरांची थोडी निराशा होते. आणि जानेवारी ते मार्च या काळात उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले लोक तेथे लोटतात, म्हणून भाडी चढतात व जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. जूनपासून दमट उष्मा सुरू होतो. दुपारी ढग जमून गडगडाटासह पाऊस पडतो आणि सायंकाळी पुन्हा उघडते. पाणी उबदार, गर्दी कमी, भाडे उतरलेले. परंतु अटलांटिक महासागर व मेक्सिकोचे आखात यांतील चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो. म्हणजे स्वस्त दिवस आणि धोक्याचे दिवस हे बव्हंशी एकच होत.

हा प्रश्न आमच्या कुटुंबातही निघाला होता. आमच्या थोरल्या भगिनी, वय ७६, गुडघ्यांनी अधू, अटलांटा शहरी मुलाकडे गेल्या होत्या. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सुनेचे आईवडील अशी सात माणसे. सप्टेंबरच्या अखेरीस शाळेस आठवड्याची सुट्टी होती आणि त्या दिवसांत समुद्रकाठचे एक घर फार थोड्या भाड्यात मिळत होते. नाताळात तेच घर परवडण्यासारखे नव्हते. आमच्या भगिनींचे म्हणणे असे की, पुन्हा एवढा प्रवास आपल्याने होईल की नाही कोण जाणे, तेव्हा सप्टेंबर तर सप्टेंबर, पण नातवंडांसह समुद्र पाहावयाचाच. त्यांच्या म्हणण्यात असत्य काही नव्हते. सत्तरी उलटलेल्या माणसास पुढच्या वर्षीचे आश्वासन देणे सोपे नसते. परंतु नेमक्या याच कारणासाठी सप्टेंबर टाळावा, असे आम्ही कळविले. ज्या माणसास दहा पायऱ्या उतरावयास दोघांचा आधार लागतो, त्यास वादळाच्या आदल्या रात्री सामानासह मोटारीत बसवून शेकडो मैल न्यावे लागले तर त्याचे काय होईल, याचा हिशेब भाड्याच्या आकड्यात धरलेला नसतो. दक्षिणेकडील राज्यांत शाळा मेच्या अखेरीस सुटतात. अखेर मेचा शेवटचा आठवडा ठरला. भाडे सप्टेंबराहून अधिक पडले, नाताळाहून कमी. आणि समुद्रही डुंबण्यापुरता उबदार मिळाला.

आमचा आग्रह कोणास भित्रेपणाचा वाटेल. त्यांनी २०२२ साली काय घडले ते वाचावे. त्या वर्षी २८ सप्टेंबर रोजी इयन नावाचे चक्रीवादळ सॅनिबेलच्या उत्तरेस जवळच असलेल्या कायो कोस्टा या बेटावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १५० मैल होता. वादळांच्या पाच श्रेणींपैकी ही चौथी श्रेणी. वाऱ्याने आखाताचे पाणी लोटून बेटावर चढविले. १९६३ साली बांधलेला, बेटास मुख्य भूमीशी जोडणारा सुमारे तीन मैलांचा पूलमार्ग अनेक ठिकाणी तुटला आणि बेटाचा जमिनीशी संबंध सुटला. १८८४ सालापासून उभ्या असलेल्या दीपगृहाचा एक पाय निखळला आणि त्याच्या पायथ्याशी असलेली रखवालदारांची घरे वाहून गेली. फ्लॉरिडा राज्यात या वादळाने शंभरांहून अधिक माणसे दगावली. तीन आठवड्यांच्या आत मार्गाची तात्पुरती दुरुस्ती झाली आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी दीपगृहात पुन्हा दिवा लागला, ही तेथील लोकांच्या चिकाटीची साक्ष होय. परंतु २०२४ साली सप्टेंबरात हेलीन आणि ऑक्टोबरात मिल्टन या वादळांनी बेटावर पुन्हा पाणी आणलेच.

यावरून तेथे जाऊच नये असे मात्र कोणी समजू नये. वादळ हा भूकंप नव्हे; ते सांगून येते. अमेरिकेचे चक्रीवादळ केंद्र मायामी येथे असून कोठे वादळ निर्माण होण्याचा संभव आहे याचा अंदाज ते सात दिवसांपर्यंत आधी प्रसिद्ध करते. वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी पूर्वसूचना आणि सुमारे ३६ तास आधी पक्का इशारा देण्यात येतो. बेट सोडण्याचा सरकारी हुकूम सुटला म्हणजे निघणे, एवढेच आपले काम असते. पण हे एवढेच काम एकत्र कुटुंबास अवघड जाते. आपल्याकडे दहा माणसांत विचारविनिमय झाल्यावाचून निर्णय होत नाही. एक म्हणतो, पैसे भरले आहेत. दुसरा म्हणतो, वादळ वळेल. पोरे रडू लागतात. आणि वडीलधाऱ्यांपुढे धाकट्यांस स्पष्ट बोलवत नाही. ही चाल लग्नकार्यात शोभते, वादळापुढे ती चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांच्या समक्ष ठरवून ठेवावे की, परत फिरावयाचे हे अमुक एक जण सांगेल आणि ते सांगितल्यावर वाद होणार नाही. आमच्या मते हा अधिकार वयाने थोर असलेल्यास न देता, मोटार चालविणाऱ्या व तेथील बातम्या समजणाऱ्या माणसास द्यावा. वडिलांनी तो आपण होऊन द्यावा, म्हणजे मुलास संकोच राहत नाही.

क्षेमाच्या बाकीच्या गोष्टी अशा. बेटावर येण्याजाण्यास मोटारीचा मार्ग एकच आहे. तेव्हा वादळाच्या ऋतूत मोटारीतील तेलाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. पारपत्रे, विम्याचे कागद आणि महिनाभर पुरतील एवढी औषधे, वैद्याच्या चिठ्ठीसह, एका पिशवीत ठेवावी व ती पिशवी कोणी उचलावयाची हेही ठरवावे. प्रवासाचा विमा घ्यावयाचा तर बेत ठरताच घ्यावा. वादळास एकदा नाव पडले की त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळामुळे झालेले नुकसान भरून देत नाही. वडील मंडळींचा आजारपणाचा विमा हा निराळा. तो घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारख्या पूर्वीपासूनच्या विकारांविषयी त्यात काय लिहिले आहे ते चाळशी लावून वाचावे. घर भाड्याने घेताना हुकूम सुटून निघावे लागल्यास पैसे परत मिळतील की नाही, हे लेखी विचारावे.

घराविषयीही दोन शब्द. सॅनिबेलच्या रहिवाशांनी १९७४ साली आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापन केली, ती मुख्यतः बेटावर उंच इमारतींची गर्दी होऊ नये म्हणून. इमारतीच्या उंचीस ४५ फुटांची मर्यादा आहे आणि बेटाची निम्म्याहून अधिक भूमी राखीव आहे. त्यामुळे तेथे मोठमोठ्या हॉटेलांची रांग दिसत नाही. लहान विश्रामगृहे आणि भाड्याची घरे असतात. आपल्या कुटुंबास स्वयंपाकघर असलेले घर सोयीचे. डाळ, तांदूळ, गोडा मसाला, लोणचे हे निघतानाच बरोबर घ्यावे. परंतु एक खबरदारी अवश्य घ्यावी. पुराच्या भयाने तेथील पुष्कळ घरे खांबांवर उचललेली असतात व वर जाण्यास बरेच जिने चढावे लागतात. छायाचित्रात समुद्र दिसतो, जिना दिसत नाही. तेव्हा पायऱ्या किती आणि उद्वाहक आहे की नाही, हे आधी विचारावे. तसेच ते छायाचित्र २०२२ पूर्वीचे आहे की नंतरचे, हेही विचारावे. कारण त्या वादळाने कित्येक जागा पाडल्या आणि सर्वच पुन्हा उभ्या राहिल्या आहेत असे नाही.

आता योगाकडे वळू. शिंपले वेचण्यास सुकतीची वेळ उत्तम, आणि ती सकाळी लवकर आली तर अधिकच उत्तम. भरती-ओहोटीचे कोष्टक आधी मिळवून त्याप्रमाणे दिवस लावावा. वाकून वाकून शिंपले वेचणाऱ्यांची तेथे इतकी दाटी असते की, त्या वाकण्याच्या ढबीस बेटाचेच नाव पडले आहे. तपकिरी ठिपक्यांचा जुनोनिया नावाचा शंख सर्वांत दुर्मिळ. तो सापडला तर तेथील वृत्तपत्रात वेचणाऱ्याचे छायाचित्र येते. मात्र एक नियम मुलांस पक्का समजावून द्यावा. ज्यात जीव आहे असा शंख किंवा शिंपला उचलून नेण्यास १९९५ सालापासून सॅनिबेलवर मनाई आहे. शंख उलटा करून पाहावा. तोंडाशी मऊ शरीर अथवा बंद झाकण दिसले तर तो होता तेथेच पाण्यात हळूच ठेवावा. रिकाम्या दिसणाऱ्या शंखात एखादा खेकडाही बिऱ्हाड करून असतो. आमच्या भगिनींच्या आठ वर्षांच्या नातवास तळहाताएवढा शंख सापडला आणि आत प्राणी हलताना दिसला. त्याने तो परत ठेवला खरा, पण दिवसभर तो हिरमुसलेला होता. सायंकाळी आजीने त्यास सांगितले, "अरे, त्याचे घर तू त्याला राहू दिलेस, आता आपले भाड्याचे घर आपल्याला लाभेल." मुलाचे समाधान झाले. त्याच वर्षी म्हणजे १९९५ साली बेटावर शंख-शिंपल्यांचे संग्रहालय उघडले. ऊन फार चढले म्हणजे मुलांस तेथे न्यावे.

पक्ष्यांकरिता उत्तरेकडील खाजणात जावे. जे नॉरवुड डार्लिंग नावाचे एक नामांकित व्यंगचित्रकार होते. व्यंगचित्रांकरिता त्यांस १९२४ आणि १९४३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. हिवाळ्यात ते या भागात येऊन राहत. ही खाजणे विकली जाऊ नयेत म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९४५ साली तेथे सरकारी अभयारण्य झाले. पुढे १९६७ साली त्यास त्यांचे नाव देण्यात आले. आत सुमारे चार मैलांचा रस्ता आहे; त्यावरून मोटारीने सावकाश जाता येते, त्यामुळे ज्यांस चालवत नाही त्यांनाही बसल्या जागेवरून सर्व पाहता येते. हा रस्ता शुक्रवारी बंद असतो. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडला की बगळे, झोळीवाले आणि गुलाबी रंगाचे चमचे पक्षी तेथे उतरतात. गोड्या पाण्याच्या डबक्यांकाठी मगरीच्या जातीचा आलिगेटर असतो. त्याच्या जवळ जाऊ नये. त्यास खाऊ घालणे हा तर कायद्याने गुन्हा आहे, कारण माणसाकडून खावयास मिळू लागले की त्याची भीती मोडते.

मे ते ऑक्टोबर या काळात समुद्रकासवे रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात. पिले उजेडाच्या रोखाने चालू लागतात. समुद्रावरचा मंद प्रकाश त्यांचा वाटाड्या. घरचे दिवे झळकत असतील तर ती उलट दिशेने जाऊन मरतात. म्हणून या महिन्यांत रात्री ९ नंतर समुद्राकडील दिवे मालवावे लागतात. मुलांनी वाळूत खणलेले खड्डेही सायंकाळी बुजवावे. याखेरीज लहानसहान सावधगिरी अशी: उबदार दिवसांत पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले काटेरी शेपटीचे मासे आधीच दूर होतात, पहाटे व तिन्हीसांजेस डोळ्यांस न दिसणारी चिलटे चावतात, म्हणून अंगभर वस्त्र असावे. कधीकधी आखातात सूक्ष्म शेवाळ माजून पाणी तांबूस होते, मासे मरतात आणि किनाऱ्यावरच्या माणसांस खोकला येतो. २०१८ साली हा उपद्रव फार झाला होता. ज्यांच्या घरी दम्याचा रोगी आहे त्यांनी निघण्यापूर्वी याची चौकशी अवश्य करावी.

अशा ठिकाणी पाहुणा म्हणून कसे जावे, हेही थोडे ध्यानात घ्यावे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ आपले पंडित सांगत आले आहेत. या अर्थाने त्या बेटावरचा अतिथी म्हणजे वादळ. आपण तिथी ठरवून जाणारे. म्हणून तिथी ठरविण्याचे जे स्वातंत्र्य आपणांस आहे ते नीट वापरावे. थोर माणसे बरोबर असतील तर शक्यतो डिसेंबर ते मे यांपैकी काळ निवडावा. ते जमत नसेल तर जूनचा पूर्वार्ध. आणि ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, भाडे कितीही उतरो, वर्ज्य समजावा. जागा घेताना पायऱ्या मोजाव्या, पैसे भरताना परतीची अट वाचावी, आणि निघण्याच्या आदल्या रात्री सर्व मंडळींनी एकत्र बसून औषधांची पिशवी कोणाच्या हाती व परत फिरण्याचा शब्द कोणाच्या तोंडी, हे ठरवून घ्यावे. एवढे झाले की मग खुशाल सुकतीचे कोष्टक उघडावे आणि मुलांस पहाटे किती वाजता उठवावयाचे ते पाहावे.